सातव्या बाटलीतलं पाणी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते बाटल्यांवर नंबर घालण्यापुरतं. लेकीच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. भिडे बाईंबद्दल कुणाशी बोलायला गेले की माझे शब्द अडकतात. लिहिताना निदान समोर कुणी बघत नसतं.

बाई कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचे. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून बाई आलं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. अंगाने ठेंगण्या, सुती साडी, त्यावर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. चष्मे दोन, एक डोळ्यांवर आणि एक गळ्यात दोरीला. सदाशिव पेठेतल्या घरून चालत यायच्या, बाराही महिने छत्री घेऊन. एखादा स्कूटरवाला अंगावर आला तर छत्री आडवी धरून त्याला थांबवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "आपण आधी जा. आपल्याला घाई आहे, मला फक्त घरी पोचायचंय."

प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्या हातची पाटी होती. "आत काही खाऊ-पिऊ नये. बाहेर खाऊन आत आल्यास हात धुवावेत. धुतले असे सांगू नये, धुवावेत." नवी मुलं पाटीचा फोटो काढायची, हसायची आणि मग मुकाट्याने नळाशी जायची. बाई स्वतःचा चहासुद्धा बाहेर व्हरांड्यात उभ्या राहून घ्यायच्या, स्टीलच्या पेल्यातून, चांगला काळा होईतो उकळलेला. आत वर्षभर तुळशीचे, गवती चहाचे, पुदिन्याचे काढे तपासायच्या आणि बाहेर साखर घातलेला साधा चहा प्यायच्या. एकदा एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही हर्बल टी का घेत नाही? बाई म्हणाल्या, "कामावरच्या माणसांना मी घरी बोलवत नाही."

मला त्या मंगलबाई म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. त्या इमारतीत बाकी सगळ्यांसाठी मी मावशी होते. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वतः भांडी धुऊन दाखवली. आधी साबण, मग नळाचं पाणी सात वेळा, मग शेवटी मशीनमधून काढलेलं शुद्ध पाणी एकदा. मी मनात म्हटलं, घरी एवढं पाणी ओतलं असतं तर सासूने बादली काढून घेतली असती. बाई बोटं मोजत शेजारी उभ्या होत्या. सहाव्याला मी बाटली ठेवली तर म्हणाल्या, "सात. सहा म्हणजे सात नव्हे." वाचता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. चौथी, असं मी जमिनीकडे बघत सांगितलं. मग रोज एका बाटलीवरचं नाव मला वाचायला लावायच्या. मी अडखळले की घाई करायच्या नाहीत, गळ्यातला चष्मा पुसत उभ्या राहायच्या. वर्षभरात मी फळीवरची सगळी नावं वाचायला लागले. हे घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं वाटायचं.

त्यांचा प्रयोग मला बघून बघून समजला होता. काचेच्या चपट्या बशीत खरवसासारखं काहीतरी घट्ट झालेलं असतं. त्यावर जंतू पसरतात आणि थालीपीठाला पाडतात तशी भोकं पाडतात. एकेका भोकात एकेक चहा ओततात. एका भोकात मात्र नुसतं साधं पाणी. रात्रभर ती बशी उबेला ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते, पण चहाने जंतू मारले असतील तर त्या भोकाभोवती साय नसते, स्वच्छ गोल कडं दिसतं. बाई खिशातली पट्टी काढून ते कडं मोजायच्या. पण आधी नेहमी पाण्याच्या भोकाकडे बघायच्या. पाण्याभोवती कडं नाही ना, हे बघितल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायच्या नाहीत.

"पाण्याला विचारलंत का?" हे त्यांचं वाक्य होतं आणि ते प्रयोगाबाहेरही चालायचं. एकदा चकचकीत डबे घेऊन एक गृहस्थ आले. त्यांचा काढा सगळे जंतू मारतो असा कागद त्यांना बाईंच्या सहीने हवा होता. त्यांनी कपात काढा घातला, वर उकळतं पाणी ओतलं आणि म्हणाले, बघा, यात आता एक जंतू जगणार नाही. बाईंनी विचारलं, "आणि नुसत्या उकळत्या पाण्यात?" ते डब्याचं झाकण लावायला लागले. बाई म्हणाल्या, "मग ते श्रेय पाण्याचं आहे. त्याला डब्यात भरून विकताय का?" पण त्या माणसाला तसंच जाऊ दिलं नाही. व्हरांड्यात नेऊन त्याला आपल्यातला अर्धा चहा दिला, आणि त्याची मुलं किती, धंदा कधी काढला, ते सगळं विचारलं. कागद दिला नाही.

त्या वर्षी ऋतुजा नावाची विद्यार्थिनी बाईंच्या हाताखाली घरगुती आणि बाजारातले हर्बल चहा तपासत होती. दहा चहा, दहा बाटल्या. बाईंनी तिला सांगितलं की नुसते दुकानातले नकोत, लोक घरी करतात तेही आणा. ते मी ऐकलं आणि दोन दिवस घोळवून तिसऱ्या दिवशी माझ्या जावेच्या चहाची पुडी पिशवीतून आणली.

शोभा माझी धाकटी जाऊ. बिबवेवाडीत राहते. गवती चहा, तुळस, सुंठ, ओवा आणि थोडं ज्येष्ठमध वाळवून, कुटून तिने चहाच्या पुड्या करून विकायला सुरुवात केली होती. दीर आजारपणामुळे घरी बसले होते, त्यामुळे तिला तो धंदा चालायलाच हवा होता. मी पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि जावेची आहे एवढंच सांगितलं. बाईंनी वास घेतला. म्हणाल्या, "द्या की. पण आत नाव चालत नाही, नंबर चालतो." शोभाच्या चहाला सात नंबर मिळाला.

आणि इथे मी चूक केली.

बाटल्या धुताना मला वाटलं, आपल्या घरचा चहा आहे, त्याची बाटली सगळ्यांत स्वच्छ पाहिजे. प्रयोगशाळेतले ओटे पुसायला एक जंतुनाशक असतं, त्याला वास नसतो. सात नंबरची बाटली मी त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी काढली, निथळवली आणि पाण्याने धुतलीच नाही. सात वेळा पाणी ओतलं तर आलेली स्वच्छता निघून जाईल, असं मला वाटलं. बाटली तशीच वाळवून बाकीच्या नऊ बाटल्यांशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या चहांभोवती काही नव्हतं, एक-दोघांभोवती असेल-नसेल असं कडं. सात नंबरभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. ऋतुजा मला मिठी मारायचीच बाकी होती. बाईंनी पाण्याचं भोक बघितलं, त्याला कडं नव्हतं. सात नंबर दोनदा मोजला. मग चष्मा बदलून पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "तीन वेळा आलं तर आलं म्हणायचं. तोवर कुणाला सांगायचं नाही."

मी त्याच संध्याकाळी बसने बिबवेवाडीला गेले आणि शोभाला सांगितलं. मी कधी कुणाच्या घरी जाऊन चांगली बातमी सांगितली नव्हती. तीन वेळा आलं तरच खरं, हेही सांगितलं होतं, पण ते तिच्या कानात गेलं नसणार. चार दिवसांत तिने उधारीवर नव्या पुड्या छापून घेतल्या. वर मोठ्या अक्षरात होतं, जंतुनाशक चहा, प्रयोगशाळेत तपासलेला. बारा पुड्या कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवूनही आली.

पुढच्या आठवड्यात लोणी काळभोरला आई पडली म्हणून मी तीन दिवस रजेवर होते. दुसऱ्या खेपेच्या बाटल्या ऋतुजाने स्वतः धुतल्या. मी परत आले तेव्हा ती रडून डोळे सुजवून बसली होती. सात नंबरभोवती काहीच आलं नव्हतं. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मलाही वाटलं, तिचंच काही चुकलं. मी तिची समजूत घातली आणि तिसऱ्या खेपेच्या बाटल्या धुवायला घेतल्या. सात नंबर पुन्हा रात्रभर त्या औषधात बुडवला.

दुसऱ्या दिवशी बाई वाळलेल्या बाटल्या एकेक करून उजेडासमोर धरत होत्या. मग ऋतुजाला कसल्यातरी कामाला पाठवलं आणि स्वतः भोकं भरली.

सकाळी त्यांनी मला बोलावलं. बशी टेबलावर होती. सात नंबरभोवती रुपयाएवढं कडं होतं. मी खूश झाले. बाई म्हणाल्या, "मंगलबाई, काल मी कुठल्याच बाटलीत चहा घातला नव्हता. दहाही बाटल्यांत साधं पाणी होतं."

मला आधी कळलं नाही. मग हळूहळू कळलं. कडं चहाचं नव्हतं, मी धुतलेल्या बाटलीचं होतं.

"ही बाटली कशी धुतलीत ते मला करून दाखवा," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. मी नळाशी गेले आणि सगळं करून दाखवलं, ते औषधसुद्धा. निथळवून बाटली उलटी ठेवली आणि तिथेच थांबले.

"का केलंत?"

"आपल्या घरचा चहा होता, म्हणून जरा जास्त स्वच्छ," मी म्हटलं. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते. कंत्राटी कामगाराला काढायला कागदही लागत नाही.

बाईंनी ती उलटी बाटली उचलून सुलटी ठेवली. मग म्हणाल्या, "सात वेळा धुवा हे मी तुम्हाला सांगितलं. का धुवायचं ते कधी सांगितलं नाही. पोरींना वर्षभर सांगते, आणि ज्यांच्या हातात बाटल्या, त्यांना नाही. ही चूक अर्धी माझी आहे." असं मला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. घरात नाही आणि बाहेरही नाही. त्याच धीराने मी बाकीचं सांगून टाकलं, शोभाच्या छापलेल्या पुड्या आणि दुकान.

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. बाटलीचं ऐकताना त्या रागावल्या नव्हत्या, आता घाबरल्या होत्या. "कुणी विश्वास ठेवला असेल तर?" म्हणाल्या. "कुणी गोळ्या बंद करून हा चहा प्यायला असेल तर?" अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला, छत्री विसरल्या आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या हातातली पट्टी मांडीवर ठेवायच्या आणि परत उचलायच्या. पट्टी त्यांनी कोटातून काढून सोबत घेतली होती, कशाला ते त्यांनाही माहीत नसणार.

दुकानात नऊ पुड्या शिल्लक होत्या. तीन गेल्या होत्या. दोन शोभाच्याच चाळीतल्या बायकांनी हौसेने घेतलेल्या, त्या न फोडता परत मिळाल्या. तिसरी समोरच्या इमारतीतल्या एका काकूंनी नेली होती, असं दुकानदार म्हणाला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाई पुढे आणि मी मागे. काकूंनी दार उघडलं. बाईंनी स्वतःची ओळख सांगितली आणि तो चहा कुणी घेतला ते विचारलं. आतून एक वयस्कर काका आले, घशाला मफलर गुंडाळलेला. घसा पिकला होता म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पुडीवरचं वाचून त्यांनी गोळी बंद केली होती.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आज सकाळपासून," काका म्हणाले. "सकाळची नाही घेतली. पोटाला त्रास होतो हो त्यांचा."

एकच गोळी चुकली होती. बाईंनी त्यांना समोर बसवून डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर म्हणाले, आत्ता घ्या आणि ठरलेल्या सगळ्या संपवा. बाई गोळी घशाखाली जाईपर्यंत समोर बसून राहिल्या. काका म्हणाले, पण पुडीवर तर लिहिलंय. बाई म्हणाल्या, "लिहिलंय खरं. माझ्या प्रयोगशाळेतून चुकीचं बाहेर गेलं. आपली क्षमा मागायला आले आहे." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तर काकांना कळलं असतं. काकू म्हणाल्या, चहा मात्र चवीला छान आहे हं, राहू दे का तो? बाई म्हणाल्या, चहा ठेवा, पुडी द्या.

खाली उतरताना पहिल्या मजल्यावर बाई पायरीवर बसल्या. मी शेजारी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "एकच गोळी." मग आणखी एकदा तेच म्हणाल्या आणि हसल्या. मलाही इतकं हलकं वाटलं की रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडा. पण बसून रडा, जिना अरुंद आहे."

तिथून आम्ही शोभाकडे गेलो. मी तिला सगळं सांगितलं, बाई मध्ये बोलल्या नाहीत. शोभा माझ्यावर चिडली. "ताई, मी लोकांना काय तोंड दाखवू? आणि छापणाऱ्याचे पैसे? या सगळ्या पुड्या आता चुलीत घालू का?" तिचं खरं होतं. बाईंनी विचारलं, चहा मिळेल का. शोभाने रागारागातच केला. बाईंनी पूर्ण कप संपवला. मी पहिल्यांदाच त्यांना काढा पिताना बघत होते. म्हणाल्या, "शोभाताई, हा इतका चवदार आहे की याने जंतू मारायची गरज नाही. पुड्या नव्या छापा. पैसे मी देते. दान नाही, उसने. मंगलबाईंच्या हाती, दर महिन्याला थोडे थोडे परत करायचे."

नवी पुडी त्यांनी तिथेच सांगितली आणि शोभाने लिहून घेतली. "हा चहा आहे, औषध नाही. चव चांगली आहे. बरे वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि येताना हा चहा घेऊन यावे." शोभाला वाटलं, असं वाचून कोण विकत घेईल. पण लोक दुकानात पुडी वाचून हसायचे आणि हसत हसत घ्यायचे. सदाशिव पेठेतल्या दोन दुकानांनी तर स्वतः मागवली.

ऋतुजाच्या अहवालात बाईंनी सगळं लिहायला लावलं. सात नंबरच्या चहाने जंतू मरत नाहीत, पहिल्या वेळी आलेलं कडं बाटलीमुळे होतं आणि ते पाणी घालून तपासलं. ऋतुजा म्हणाली, मॅडम, हे लिहिलं तर आपली चूक दिसेल. बाई म्हणाल्या, "दिसू दे. शोधली पण आपणच." माझं नाव कुठेही नव्हतं. त्यानंतर मात्र प्रत्येक नव्या गोष्टीला त्या मला का ते सांगायच्या. कधी मला कळायचं, कधी नाही, पण त्या सांगायच्या.

दर महिन्याला शोभा पैसे माझ्याकडे द्यायची आणि मी बाईंना नेऊन द्यायचे. दुसरं कुणी म्हणालं असतं, राहू दे हो. बाई कधी म्हणाल्या नाहीत. घ्यायच्या, मोजायच्या आणि आणखी किती राहिले ते सांगायच्या. त्यामुळे मला त्यांच्यासमोर मान वर करून उभं राहता यायचं. मध्येच त्या निवृत्त झाल्या. मग मी त्यांच्या घरी जायला लागले.

गेल्या महिन्यात शेवटचे पैसे द्यायला गेले. बाई आता थोड्या वाकल्या आहेत. दुसऱ्या चष्म्याची दोरी आहे, चष्मा कुठे ठेवलाय ते त्यांना आठवत नाही. मी पाकीट दिलं. त्यांनी खिडकीशी जाऊन पैसे मोजले. मग पुन्हा मोजले. मला वाटलं, कमी भरले की काय. त्यांनी तिसऱ्यांदा मोजले.

"तीन वेळा आले," त्या म्हणाल्या. "म्हणजे आले. फिटलं सगळं."

आणि पाकीट रिकामं करून, नीट घडी घालून, मला परत दिलं.